लहान कॉलेज पाहायचे, तर मंगळवारी

तुमच्या मुलीला अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठात आणि आयोवातील ग्रिनेल व मिनेसोटातील कार्लटन या दोन लहान लिबरल आर्ट्स कॉलेजांत (विज्ञान, समाजशास्त्रे, साहित्य असे सर्व विषय शिकवणाऱ्या, मुख्यतः पदवीपर्यंतच्या कॉलेजांत) प्रवेश मिळाला आहे, तिचे मन अजून जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्यात घुटमळते आहे, प्रवेश पक्का करण्याचे डिपॉझिट १ मेपर्यंत भरायचे आहे, आणि संकेतस्थळावर सगळे दिसत असताना शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून चार-सहा तास गाडी हाकण्यात काय हशील, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे, की जावे, एप्रिलमध्येच जावे आणि कामाच्या दिवशी जावे. मात्र काय पाहायचे ते घरूनच ठरवून निघावे, कारण आमची दोन्ही मुले अशाच कॉलेजांत शिकली आणि थोरल्याच्या वेळी आम्ही नको ते पाहून परत आलो.

त्या कॉलेजचे नाव मी लिहीत नाही. आम्ही जुलैत गेलो होतो, कारण आमची रजा जुलैत होती. दगडी इमारती, कातरलेली हिरवळ, उलट्या पावलांनी चालत अखंड बोलणारी हसतमुख विद्यार्थिनी आणि शेवटी पुस्तकांच्या दुकानातून घेतलेला टी-शर्ट, एवढीच काय ती आमची भेट. थोरल्याला भाषाशास्त्र शिकायचे होते आणि त्या विभागात दोनच प्राध्यापक होते, हे आम्हाला माहीतच नव्हते. तो दुसऱ्या वर्षाला गेला तेव्हा त्यांतले एक वर्षभराच्या अभ्यासरजेवर गेले, दुसऱ्या बाईंनी नोकरी बदलली, आणि त्याला हवा असलेला पुढचा कोर्स तीन सेमिस्टर लागलाच नाही. त्याने मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलले, पदवी घेतली, आज त्याचे चांगले चालले आहे. पण आपला विषय आपण निवडला नाही, वेळापत्रकाने निवडला, असे तो अजून म्हणतो. ते ऐकले की त्या टी-शर्टची मला आठवण होते.

लहान कॉलेजचे गुण आणि दोष एकाच गोष्टीतून येतात, आणि ती म्हणजे तिथे माणसे कमी असतात. ग्रिनेलमध्ये सुमारे १,७०० विद्यार्थी आहेत आणि कार्लटनमध्ये सुमारे २,०००, तर अर्बाना-शॅम्पेनमध्ये सगळे मिळून ५०,००० हून अधिक. एखाद्या विभागात सात प्राध्यापक असले आणि दोघे रजेवर गेले, तर मोठ्या विद्यापीठात ज्याचा पत्ताही लागणार नाही अशी गोष्ट इथे विद्यार्थ्याचे अख्खे वर्ष हलवून सोडते. म्हणून निघण्यापूर्वी दोन कामे करावीत. पहिले काम म्हणजे कॉलेज दरवर्षी प्रसिद्ध करते तो कॉमन डेटा सेट हा आकडेवारीचा तक्ता उघडून पहिल्या वर्षानंतर किती विद्यार्थी टिकतात आणि कोणत्या आकाराचे किती वर्ग भरतात ते पाहावे. दुसरे काम अधिक मोलाचे आहे: जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोन्ही विभागांतले वरच्या पातळीचे कोर्स मागच्या चार सत्रांत खरोखर कधी लागले, ते जुन्या वेळापत्रकांवरून उतरवून काढावे. कॉलेजच्या माहितीपुस्तकात सगळेच छापलेले असते. मेनूकार्डावर जे असते ते त्या दिवशी भटारखान्यात असतेच असे नाही, हे आपल्याला उडप्याकडे बसून पुरते ठाऊक आहे.

धाकटीच्या वेळी आम्ही एप्रिलमधल्या एका मंगळवारी ग्रिनेलला गेलो. इंटरस्टेट ८० वरून मिसिसिपी ओलांडली की पुढे नांगरून ठेवलेली काळी शेते लागतात आणि गाव येते तेही अवचित. वस्ती जेमतेम साडेनऊ हजार. कॉलेजच्या आवारातूनच रेल्वेचा रूळ गेलेला आहे, आणि मालगाडी आली की वर्गाला निघालेली मुले दोन्ही बाजूंना थांबून राहतात. मुलीने दोन आठवडे आधी प्रवेश कार्यालयाला लिहून एका तासाला बसण्याची परवानगी मिळवली होती. ती वर्गात गेली, आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार उघडेच होते. टेबलाभोवती चौदा जण होते. बाईंनी एका मुलाला विचारले, की गुरुवारी तू जे म्हणाला होतास ते आजचे वाचन झाल्यावरही तुला पटते का. मुलगा गडबडला, वहीची पाने चाळू लागला, आणि बाई त्याच्यासाठी थांबल्या. बराच वेळ थांबल्या, कोणीही मध्ये पडले नाही. शेवटी तो म्हणाला, की अर्धेच पटते. मुलगी बाहेर आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, 'बाबा, इथे न वाचता आलं तर लपायला जागाच नाही ना?' तिला ते आवडले होते. माझ्या थोरल्याला पहिल्या वर्षी ते मुळीच आवडले नसते. तुमच्या मुलीला कसे वाटेल, हे कोणत्याही चित्रफितीवरून कळणार नाही.

तास संपल्यावर आम्ही नॉइस सायन्स सेंटरमध्ये जाऊन विभागाच्या सूचनाफलकापुढे उभे राहिलो. वर्गाखालोखाल मी या फलकाला महत्त्व देतो. उन्हाळ्यात कोणत्या मुलांनी कोणाच्या हाताखाली संशोधन केले, त्यांची भित्तिपत्रके कधीची आहेत, शिक्षकांच्या दारावर भेटीच्या वेळा लावल्या आहेत की नाही, त्या वेळी दार उघडे असते का, आत कोणी विद्यार्थी बसलेला आहे का, हे पाहावे. फलकावर तीन वर्षांपूर्वीची पत्रके पिवळी पडलेली असतील तर ते एक उत्तरच असते. प्राध्यापक भेटले तर 'तुमचा विभाग कसा आहे' असे विचारू नये. पुढच्या दोन वर्षांत कोण रजेवर जाणार आहे, त्यांच्या जागी तात्पुरते कोणी येते का, आणि कोर्स भरला तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे काय होते, एवढे तीन प्रश्न मुलीने स्वतः विचारावेत. चांगले शिक्षक अशा प्रश्नांवर रागावत नाहीत. आमच्या मुलीला तर त्यांनी कागद काढून आकृती करून दाखवली.

ज्या रॉबर्ट नॉइस यांचे नाव त्या इमारतीला आहे, ते १९४९ चे ग्रिनेलचे पदवीधर आणि पुढे इंटेलचे सहसंस्थापक. ट्रान्झिस्टरचा शोध नुकताच लागला असताना त्यांचे भौतिकशास्त्राचे शिक्षक ग्रँट गेल यांनी तो या आडगावातल्या वर्गात आणून शिकवला. याच नॉइस यांनी वसतिगृहातल्या मेजवानीसाठी शेजारच्या शेतकऱ्याचे डुक्कर पळवले होते, आणि आयोवात हा काही किरकोळ गुन्हा नव्हता. गेल यांच्या मध्यस्थीमुळे कायमचे काढून टाकण्याऐवजी एका सेमिस्टरच्या निलंबनावर भागले. शिक्षक विद्यार्थ्याला नावानिशी ओळखतो याचा उपयोग कधी कसा होईल ते सांगता येत नाही. आजही तिथे सक्तीचा कोर्स एकच, पहिल्या सत्रातले ट्युटोरियल म्हणजे छोट्या गटाचा वर्ग, आणि ते शिकवणारे प्राध्यापकच मेजर ठरेपर्यंत मुलांचे सल्लागार असतात. बाकी सर्व निवड सल्लागाराशी बोलून करायची. दोन विषयांत अडकलेल्या मुलीला हे मोकळे रान मानवेल की तिला आखून दिलेली वाट हवी आहे, हे तिने त्याच दिवशी स्वतःशी तपासावे.

कार्लटनचा हिशेब निराळा आहे. तिथे वर्षाचे तीन भाग, प्रत्येक दहा आठवड्यांचा, आणि एका वेळी साधारणपणे तीनच कोर्स. एकाग्र होणाऱ्या मुलांना हे फार सोयीचे पडते, पण आठवडाभर ताप आला तर कोर्सचा दहावा भाग हातचा जातो. ही दमछाक पाहायची असेल तर सत्राच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नये. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत मात्र सलग सुट्टी मिळते, म्हणजे तिकिटे परवडली तर आजी-आजोबांकडे निवांत जाऊन येता येते. कार्लटनच्या नॉर्थफील्ड गावात सेंट ओलाफ हे दुसरे कॉलेजही असल्यामुळे तिथे विद्यार्थ्यांची वर्दळ ग्रिनेलपेक्षा जास्त आहे. थंडीबद्दल तिथल्या मुलांना एप्रिलमध्ये विचारू नका, ती सगळी एप्रिलमध्ये आनंदात असतात. जानेवारीत संध्याकाळी तुम्ही काय करता, असे विचारा.

जेवण कॉलेजच्या भोजनगृहातच घ्यावे. ग्रिनेलला मुख्य भोजनगृह एकच आहे, तेव्हा शाकाहारी मुलीने पास्ता आणि सॅलड यांपलीकडे काय मिळते ते स्वतः ताट वाढून घेऊन पाहिलेले बरे. देशी वाणसामानासाठी डे मॉइन किंवा आयोवा सिटी गाठावी लागते, तासाभराचा रस्ता आहे, आणि पहिल्या वर्षी मुलीकडे गाडी असणार नाही. जेवताना तुम्ही मात्र दुसऱ्या टेबलावर बसा. आई-वडील जवळ असले की तिथली मुले प्रवेश कार्यालयाची भाषा बोलू लागतात. रात्रभर वसतिगृहात राहण्याची सोय असेल तर तिला ठेवा आणि आपण गावात मोटेलमध्ये उतरा. रिकामा वेळ मिळाला तर ग्रिनेलच्या चौकातली वास्तुविशारद लुई सलिव्हन यांनी बांधलेली १९१४ ची बँक पाहून या, तिच्या दर्शनी भिंतीवरची नक्षी खरोखर पाहण्यासारखी आहे.

पैशांचे बोलणे भेटीतच उरकावे. या कॉलेजांचा वर्षाचा छापील खर्च ८०,००० डॉलरच्या वर जातो आणि तुम्हाला इलिनॉय विद्यापीठात राज्यातल्या रहिवाशांसाठीचा कमी दर उपलब्ध आहे, तेव्हा छापील आकड्यांची तुलना करून घाबरू नये आणि कर्ज काढून हट्टही करू नये. मदतीच्या पत्रात अनुदान किती, कर्ज किती आणि मुलीने आवारात काम करून मिळवायचे किती, हे तीन रकाने वेगळे मांडावेत. ग्रिनेलने २०२१ पासून अमेरिकी विद्यार्थ्यांच्या गरजेवर आधारित मदतीतून कर्ज काढून टाकले आहे आणि ते गुणवत्तेवरही शिष्यवृत्त्या देते, तर कार्लटनची मदत प्रामुख्याने गरजेवर आधारलेली आहे. आकडा झेपत नसेल तर आर्थिक मदत कार्यालयात समोर बसून कागदपत्रांसह फेरविचार मागावा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. एप्रिल २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या वेल्स कॉलेजने चालू सत्र संपताच बंद होणार असल्याचे जाहीर केले होते, त्यामुळे लहान कॉलेजची तिजोरीही पाहावी लागते. तुमच्या दोन्ही कॉलेजांबाबत ही चिंता नको, ग्रिनेलची गंगाजळी दोन अब्ज डॉलरच्या वर आहे आणि कार्लटनची एक अब्जाच्या.

अर्बाना-शॅम्पेनलाही अशाच एका मंगळवारी जा आणि तिथेही वर्गात बसा, नाहीतर तुलना एकतर्फी होईल. पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राच्या मोठ्या व्याख्यानात शेकडो मुलांमध्ये बसून ती आनंदात असेल, प्रयोगशाळांची यादी पाहून तिचे डोळे चमकले असतील, तर आपल्या आवडीसाठी तिला आयोवात ढकलू नका. तिचे मन उद्या इंजिनिअरिंगकडे वळण्याची शक्यता असेल तर या दोन्ही कॉलेजांची स्वतःची इंजिनिअरिंगची पदवी नाही, हेही आताच बोलून घ्या. पुण्याहून 'लिबरल आर्ट्स म्हणजे पोरीला आर्ट्सला घातलं का' असा फोन येईल, तेव्हा तिथे जीवशास्त्रही शिकवतात आणि चांगले शिकवतात, एवढे सांगून विषय बदलावा. माझ्या सासूबाईंना हे पटायला चार वर्षे लागली.

परतीच्या वाटेवर मिसिसिपी येईपर्यंत तिला काही विचारू नका. आम्ही विचारले नाही, आणि डेव्हनपोर्टच्या अलीकडे ती आपणहून बोलू लागली. तुमच्याकडे आता तीनच आठवडे आहेत, तेव्हा वर्गात बसण्याच्या परवानगीची पत्रे आज रात्रीच पाठवा, आणि ती मुलीच्या खात्यावरून जाऊ द्या.