दोन पाकळ्यांची झडप : किती काळजी करावी?

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा कबड्डी खेळतो. नोकरीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना त्याच्या छातीत ‘मर्मर’ (हृदयाच्या ठोक्यांसोबतचा जादा आवाज) ऐकू आली आणि टू-डी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात ‘बायकस्पिड एओर्टिक व्हॉल्व्ह’ असे निदान आले. त्याला कसलाही त्रास नाही. शस्त्रक्रिया करावी लागेल का? खेळ बंद करायचा का?
– एक आई, सातारा

उत्तर : हृदयातून महाधमनीत रक्त सोडणाऱ्या झडपेला एरवी तीन पाकळ्या असतात. गर्भावस्थेत त्यांपैकी दोन एकमेकींपासून सुट्या झाल्या नाहीत, तर झडप दोन पाकळ्यांची राहते. जन्मजात हृदयदोषांत हा सर्वाधिक आढळणारा दोष असून शंभरातील एक ते दोन जणांत तो असतो. गरोदरपणी आपलेच काहीतरी चुकले असेल, असे कृपया मनात आणू नका.

केवळ निदान झाले म्हणून शस्त्रक्रिया करत नाहीत. अहवाल पुन्हा हातात घ्या आणि झडप अरुंद झाली आहे का, तिच्यातून रक्त उलटे गळते का आणि महाधमनीचा व्यास किती आहे, हे डॉक्टरांकडून समजून घ्या. यातील तिसरी गोष्ट घरच्यांच्या ध्यानातच येत नाही, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. कारण या दोषात महाधमनीची भिंतही कमकुवत असू शकते, ती हळूहळू फुगत जाते, आणि व्यास साधारण ५.५ सेंटिमीटरवर गेला की ती फाटण्याचा धोका ओळखून, त्रास नसतानाही शस्त्रक्रिया सुचवली जाते. झडपेवर कॅल्शियम साचून ती ताठर होण्याची प्रक्रिया मात्र बहुधा पन्नाशी-साठीत त्रासदायक ठरते.

खेळाचा निर्णयही या तीन गोष्टींवरच अवलंबून आहे. कबड्डीत दम रोखून जोर लावताना रक्तदाब एकदम चढतो, म्हणून महाधमनी रुंदावलेली असल्यास असा खेळ टाळावा लागतो. सारे ठीक असल्यास सहसा खेळू देतात. हृदयरोगतज्ज्ञांनी होकार देईपर्यंत मात्र त्याला मैदानात उतरवू नये. तसेच एको ठरलेल्या मुदतीने, आयुष्यभर करत राहावा.

अशा झडपेला जंतुसंसर्ग लवकर होऊ शकतो. दात व हिरड्या निरोगी ठेवाव्यात, आणि कारण न कळणारा ताप काही दिवस टिकला, तर दुकानातून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. आधी डॉक्टरांना झडपेविषयी सांगावे, म्हणजे ते रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू आहेत का, हे पाहणारी तपासणी) करून घेतील.

हा दोष अनेकदा कुटुंबात चालत येतो आणि स्टेथोस्कोपने दर वेळी सापडतोच असे नाही. तेव्हा आपण दोघांनी आणि मुलाच्या सख्ख्या भावंडांनीही एकदा एको करून घ्यावा.