सरकारी खरेदीचं धान्य तागाच्याच पोत्यांत भरायची सक्ती का आहे?

ही सक्ती 1987 च्या ताग पॅकेजिंग कायद्यामुळे आली. 1980 च्या दशकात स्वस्त प्लॅस्टिकची विणलेली पोती बाजारात आली आणि तागाच्या गिरण्यांचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. त्या गिरण्या बहुतांश हुगळी नदीच्या काठावर, पश्चिम बंगालमध्ये. त्यांच्यावर लाखो कामगार आणि ताग पिकवणारी लहान शेतकरी कुटुंबं अवलंबून. म्हणून कोणता माल किती टक्के तागात भरायचा हे केंद्र सरकार ठरवतं. गेली काही वर्षं धान्य 100 टक्के आणि साखर 20 टक्के असं प्रमाण आहे. पूर्वी सिमेंट आणि खतंही यात होती, ती पुढे वगळली. सिमेंट कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, पण 1996 मध्ये कोर्टाने कायदा वैध ठरवला.

साखर कारखान्यांची तक्रार मला रास्त वाटते: पोतं महाग पडतं, तागाचे तंतू साखरेत उतरतात, ओल लागते. धान्याचं मात्र वेगळं आहे. हमालाने पोतं उचलायला लोखंडी आकडा मारला तरी तागाची वीण पुन्हा मिटते, पोत्याला हवा लागते आणि थप्पी घसरत नाही. प्लॅस्टिकचं पोतं गुळगुळीत, उंच थप्पीत सटकतं.

माझा आक्षेप एवढाच, की हक्काचं गिऱ्हाईक मिळाल्यावर बऱ्याच गिरण्यांनी जुने माग बदललेच नाहीत. ऐन हंगामात बारदान कमी पडतं, तेव्हा सरकारलाच प्लॅस्टिकची परवानगी द्यावी लागते, आणि तोवर शेतकऱ्याचा माल खरेदी केंद्रावर उघड्यावर पडून राहतो.