मोबाइलवर गाव बांधण्यात आणि लाकडं तोडण्यात एवढं काय ठेवलंय?

तुम्ही विचारलंय की नोकरी-संसार सांभाळणारी मोठी माणसं क्लॅश ऑफ क्लॅन्ससारखे स्ट्रॅटेजी गेम किंवा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम (एक पात्र घेऊन त्याला वाढवत न्यायचे) वर्षानुवर्षं कसे खेळतात, आणि तेच तेच करून त्यांना कंटाळा कसा येत नाही. तुमच्या भावाला बघून हा प्रश्न पडला असंही लिहिलंय. त्याच्या डोक्यात काय चालतं ते मला सांगता येणार नाही, माझं सांगते. मी साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, चाळिशी केव्हाच ओलांडली आहे, आणि मोबाइलवर मुख्यतः दोनच गेम खेळते: क्लॅश ऑफ क्लॅन्स आणि ओल्ड स्कूल रूनस्केप.

कंटाळा येतो की! न यायला काय झालं? पण हे गेम मला आवडतात ते संथ आहेत म्हणूनच. त्यातली घाई करण्याची सोय पैसे देऊन विकत मिळते, आणि ती जो घेतो त्याच्या हातात फार काही उरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी क्लॅशचं. हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीचा हा गेम २०१२ मध्ये आयफोनवर आणि २०१३ मध्ये अँड्रॉइडवर आला. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते गाव: सोन्याच्या खाणी, एलिक्सिरचे (सोन्यासारखंच खर्चायचं एक द्रव्य) पंप, भिंती, तोफा आणि कुठेतरी मध्ये टाउन हॉल, म्हणजे गावाची मुख्य इमारत. पण खरी मजा दुसऱ्याच्या गावावर हल्ला करण्यात आहे, आणि तो हल्ला असतो जेमतेम तीन मिनिटांचा. (ही तीन मिनिटं मध्येच थांबवता येत नाहीत. भाऊ त्या वेळी हाकेला ओ देत नसेल तर एवढ्यापुरतं त्याला माफ करा.)

एकदा सैन्य उतरवलं की ते तुमचं ऐकत नाही, ही या हल्ल्याची सगळ्यात मोठी खुबी. प्रत्येकाचा स्वभाव ठरलेला. जायंट बाकी सगळं सोडून तोफा आणि मनोरे शोधत जातात. गॉब्लिनला फक्त लुटीचा वास येतो. हॉग रायडर भिंतींवरून उड्या मारत जातो, त्याला भिंत फोडून द्यावी लागत नाही. आणि विझार्ड, ड्रॅगन वगैरे मंडळी जवळात जवळ जी इमारत दिसेल तिला भिडतात, मग ते कोपऱ्यातलं बिल्डरचं रिकामं झोपडं का असेना. म्हणजे तुम्ही मोठ्या थाटात ड्रॅगन सोडता, समोर टाउन हॉल दिसत असतो, आणि तो पठ्ठ्या गावाच्या कडेकडेनं प्रदक्षिणा घालत निघतो. ओरडून उपयोग नाही. हातात उरतात फक्त मंत्र, म्हणजे स्पेल, आणि हीरोंची, म्हणजे सैन्यातल्या खास योद्ध्यांची, एखादी शक्ती.

त्यामुळे सगळा विचार आधी करावा लागतो. दोन्ही बाजूंच्या कडेच्या इमारती आधी थोडक्या सैन्यानं पाडायच्या, म्हणजे मागून येणाऱ्या मोठ्या फौजेला सगळ्यात जवळची इमारत आतली असेल आणि ती आपसूक मध्यात शिरेल. याला आम्ही फनेल करणं म्हणतो. नवीन माणूस आणि जुना माणूस यांच्यातला फरक कुठल्याही लेव्हलवर याच एका गोष्टीत दिसतो. स्पेलचंही तसंच. हीलिंगचं वर्तुळ सैन्य आत्ता आहे तिथे टाकून काही होत नाही, ते आणखी काही सेकंदांनी जिथे पोचेल तिथे टाकायचं. वर लपलेला टेस्ला (विजेचा मनोरा) आहे, पुरलेले बॉम्ब आहेत, क्लॅन कॅसल नावाच्या किल्ल्यातून अचानक बाहेर पडणारं सैन्य आहे. या गोष्टी आधी दिसत नाहीत, पण गावाची रचना नीट बघितली तर अंदाज बांधता येतो. मध्येच चार भिंतींत एक रिकामा चौकोन कुणी उगाच सोडत नाही.

आता यात क्लॅन, म्हणजे खेळाडूंची टोळी, आला की रंग भरतो. एका क्लॅनमध्ये जास्तीत जास्त ५० माणसं. क्लॅन वॉरमध्ये, म्हणजे दोन क्लॅनच्या लढाईत, एक दिवस तयारीचा, एक दिवस लढाईचा, आणि प्रत्येकाला दोनच हल्ले. समोरच्या क्लॅनचे नकाशे तयारीच्या दिवसापासून उघडे असतात. आमचा लीडर इंजिनिअरिंगला आहे, माझ्या मुलापेक्षा थोडाच मोठा. तो मला मावशी म्हणतो आणि बिनदिक्कत हुकूम सोडतो: "मावशी, आठ नंबर तुम्ही घ्या. मागचे दोन एअर डिफेन्स लायटनिंगनं उडवा, मग ड्रॅगन. आणि या वेळी घाई करू नका हां." (एअर डिफेन्स म्हणजे उडणाऱ्या सैन्याला पाडणारे मनोरे, लायटनिंग म्हणजे विजेचा स्पेल.) सकाळची कलेक्शनची गर्दी ओसरली की चहा घेता घेता मी तो आठ नंबरचा नकाशा बघत बसते. माझ्या वयाच्या बाईला एवढ्या मोकळेपणानं कुणी काही शिकवत नाही हो. ऑफिसात सगळे एकतर सांभाळून घेतात किंवा हाताखाली असतात. इथे माझा हल्ला बाकीचे थेट बघत असतात आणि नंतर रिप्ले लावून कुठे चुकलं ते सांगतात, लाजलज्जा न ठेवता.

निकालही अगदी रोखठोक. अर्धं गाव पाडलं की एक तारा, टाउन हॉल पाडला की दुसरा, आणि तिसरा मात्र शंभर टक्के झाल्यावरच. ९८ टक्क्यांवर वेळ संपते, तेव्हा ते उरलेलं एकच झोपडं स्क्रीनवर ज्या शांतपणे उभं असतं ना, त्याचा राग दोन दिवस जात नाही.

आणि संथपणा? तो हल्ल्यांच्या अधल्यामधल्या काळात. वरच्या पातळ्यांवर एकेका इमारतीच्या कामाला कित्येक दिवस लागतात, आणि बिल्डर मोजके. कुणाला कुठे लावायचं, काय आधी काय मागाहून, हाच एक खेळ होऊन बसतो. पूर्वी बराकीत सैन्य तयार व्हायलाही वेळ लागायचा. मार्च २०२५ मध्ये कंपनीनं तो वेळ काढून टाकला, आता एक हल्ला संपला की लगेच दुसरा करता येतो. क्लॅनमधली पोरं खूश आहेत. मला विचाराल तर थोडं बिघडलं. त्या सक्तीच्या सुट्टीत मी मागचा हल्ला परत बघायचे. आता हरलं की हात परस्पर पुढच्या बटणावर जातो.

रूनस्केपची चव वेगळी. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा मूळ गेम २००१ चा, ब्राउझरवर चालणारा. पुढे तो इतका बदलला की जुने खेळाडू जुनंच परत द्या म्हणून हटून बसले, आणि २००७ सालच्या ऑगस्टमधली एक जपून ठेवलेली प्रत वापरून कंपनीनं २०१३ मध्ये ओल्ड स्कूल रूनस्केप सुरू केला. मोबाइलवर तो २०१८ च्या ऑक्टोबरात आला. संगणकावरचा आणि फोनवरचा खेळाडू तोच, जग तेच. दिसायला ओबडधोबड, चेहरे जणू कुऱ्हाडीनं तासलेले, पण बहुतेक नव्या गोष्टी खेळाडूंचं मतदान घेऊनच आत येतात. आधी ७५ टक्के मतं लागायची, आता ७० टक्के. चित्रं चकचकीत नाहीत म्हणून सोडून देणाऱ्यांनी निदान एवढं लक्षात घ्यावं.

इथे सुरुवातीलाच एक काम मिळतं. लम्ब्रिजच्या किल्ल्यातल्या आचाऱ्याला ड्यूकच्या वाढदिवसाचा केक करायचा आहे आणि त्याच्याकडे अंडं, दूध, पीठ काहीच नाही. तुम्ही गाईचं दूध काढता, कोंबड्यांच्या खुराड्यातून अंडं उचलता, शेतातून गहू तोडून पवनचक्कीत नेऊन दळता. राक्षस नाही, तलवार नाही. मला तिथेच हा गेम आवडला.

पुढे लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक, खाणकाम अशी पुष्कळ कौशल्यं. प्रत्येकात ९९ पर्यंत जायचं, आणि त्यासाठी १,३०,३४,४३१ गुण लागतात. गंमत म्हणजे ९२ व्या पातळीवर तुम्ही बरोबर अर्ध्या वाटेवर असता! शेवटच्या सात पातळ्या म्हणजे उरलेला अर्धा रस्ता. हे कळल्यावर माझ्या नवऱ्यानं हात जोडले होते. पण संध्याकाळी कुकर लावून विलोच्या झाडांपाशी उभं राहायचं, मधूनमधून एक टॅप करायचा, आजूबाजूला तोडत असलेल्या अनोळखी लोकांशी दोन शब्द बोलायचे, यात विणकामासारखं सुख आहे: हात चालू, डोकं मोकळं. ज्याला सतत थरार हवा त्याच्यासाठी हा गेम नाही. थरारही आहे म्हणा, वाइल्डरनेसमध्ये पाऊल टाकलं की दुसरे खेळाडू तुम्हाला मारून सामान नेऊ शकतात. मी तिकडे फारशी फिरकत नाही.

ग्रँड एक्सचेंज नावाचा बाजार मात्र रोज बघते. लाकूड, मासे, धातू, सगळ्यांचे भाव खेळाडूंच्या खरेदी-विक्रीवर हलतात. आणि बाजाराच्या चौकात कुणी ना कुणी "पैसे द्या, दुप्पट करून देतो" म्हणून ओरडत असतो. दामदुप्पटवाले तिथेही पोचलेत.

पैशाचा विषय निघालाच आहे तर, "यातून मिळतं काय?" हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. काही मिळत नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम वेगळे, त्यांच्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्यानं बंदी आली आहे. आमच्या गावातलं सोनं गावातच राहतं. उलट आपल्याच खिशातून जाऊ शकतं, आणि भीती बाळगायची तर त्याची बाळगा. काही गेममध्ये तर पैसे ओतणाऱ्यापुढे डोकं लढवणाऱ्याचा निभाव लागत नाही, असे मी चार दिवसांत काढून टाकते. दुसरा धोका आपल्या हातातला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं पबजी मोबाइलसकट ११८ अॅप बंद केले, त्यात राइज ऑफ किंगडम्स हा राज्य उभारायचा गेमही होता. त्याच्यावर जीव लावलेला एक जण त्यानंतर आमच्या क्लॅनमध्ये आला. त्याच्या जुन्या राज्याबद्दल तो अजून असा बोलतो की आम्ही मध्ये बोलत नाही.

स्वतः खेळून बघायचं असेल तर रूनस्केपचा बराचसा भाग फुकट आहे, आचाऱ्यापासून सुरुवात करा. क्लॅशमध्ये टाउन हॉल वाढवायची घाई करू नका, आधी त्या पातळीवरच्या तोफा आणि सैन्य वाढवून घ्या. झाडंझुडपं काढून आणि कामगिऱ्या पूर्ण करून जे हिरवे जेम मिळतात ते काम लवकर उरकण्यावर उडवायचे नाहीत, साठवून बिल्डर घ्यायचे. तिसरा ५०० ला, चौथा १००० ला, पाचवा २००० ला. पाचवा आला की मग क्लॅन शोधा, आमच्याकडे सध्या दोन जागा रिकाम्या आहेत.