फ्रीजरमधल्या डब्यावर केस उभी राहत नाही

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी दादरच्या एका लंच होममध्ये आम्ही तिघा सहकाऱ्यांनी बांगडा थाळी खाल्ली. रात्री तिघांनाही उलट्या-जुलाब. मला दोन दिवस सलाइन. पार्सल आणलेलं कालवण फ्रीजरमध्ये जपून ठेवलंय. तपासून घेऊन केस करता येईल? बिल घेतलं नव्हतं, पैसे यूपीआयने दिले.

उत्तर : डबा जपून ठेवल्याची पत्रं सतत येतात. त्या डब्याची आशा सोडा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकाला फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. पण त्याच कलमाचं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, म्हणते, तपासणीचा इरादा मालकाला खरेदीच्या वेळीच सांगायला हवा. थाळी मागवताना असं कोण सांगतं? कायदा लिहिणारे खानावळीत जेवत नसावेत. पण अट आहे ती आहे. त्यात डबा सीलबंद नाही. जंतू ताटातच होते की पार्सल ऑफिसच्या टेबलावर पडून राहिल्यावर वाढले, हे आता कोण ठामपणे सांगणार? ग्राहक आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण पाठवणार हाच डबा. दुसऱ्याच दिवशी एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) तक्रार गेली असती, तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला स्वतः जाऊन नमुने घेता आले असते. ती वेळ तुम्ही घालवलीत.

आता सगळी भिस्त हॉस्पिटलच्या कागदांवर. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘ॲक्यूट गॅस्ट्रो’ असेल तर पूर्ण केसपेपरची प्रत मागा. ‘दुपारी बाहेर मासे खाल्ले, रात्री उलट्या’ अशी नोंद भरती होतानाच झालेली असेल, तर ती मोलाची. सोबत दोघा सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणि त्यांची प्रिस्क्रिप्शन्स. तिघांनी सकाळचा नाश्ताही एकत्र केला असेल, तर समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवेल.

बिलाऐवजी बँक स्टेटमेंट बहुधा चालेल. मात्र यूपीआयवर अनेकदा मालकाच्या नातेवाइकाचं नाव दिसतं. म्हणून भिंतीवरच्या परवान्यावरून चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक आणि परवानाधारकाचं नाव उतरवून घ्या. तक्रार चुकीच्या माणसावर गेली की वर्ष त्यातच जातं.

ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षं. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या खटल्यासाठी एकच, अन्न सुरक्षा आयुक्तांनी कारणं नोंदवून मंजुरी दिली तर तीन; तेव्हा एफडीएची तक्रार याच आठवड्यात द्या. ग्राहक आयोगात, मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही. भरपाई किती मिळेल, सांगता येत नाही. निकाल कायद्याने तीन महिन्यांत, नमुना तपासणीला गेला तर पाच. तारखांचा अनुभव वेगळा. केसपेपर हाती येईपर्यंत मालकाला नोटीस पाठवू नका.