पुराचा डाग, गुलाल आणि हळद: छायाचित्र-संस्करणाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. त्यांतील पहिली तीन पत्रे वरवर वेगळी वाटली तरी त्यांचे मूळ एकच आहे. डिजिटल छायाचित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनलांचे बनलेले असते आणि बिघाड तिन्हींत सारखा झालेला क्वचितच आढळतो. तो नेमका कोणत्या चॅनलात आहे हे पाहिल्याशिवाय एकही स्लायडर हलवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्न: आमचे जुने घर नारायण पेठेत नदीजवळ होते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुरातून जे थोडेफार वाचले, त्यात आजी-आजोबांचा एक कृष्णधवल फोटो आहे. त्यावर पाण्याचा पिवळट-तपकिरी डाग असून तो नेमका आजीच्या चेहऱ्यावरून गेला आहे. क्लोन स्टॅम्पने डाग काढू पाहिला, पण मग चेहरा आजीचा वाटेनासा होतो.

उत्तर: क्लोन स्टॅम्पचे काम येथे थांबवावे. ते साधन शेजारचे पिक्सेल उचलून डागावर ठेवते. म्हणजे आजीच्या गालावर आपण तिच्याच कपाळाचे ठिगळ लावत असता, आणि चेहरा परका वाटतो तो त्यामुळेच. डागाने चेहरा पुसलेला नाही, त्याच्यावर केवळ एक रंगीत पडदा आला आहे, आणि तो पडदा रंगीत आहे हीच आपली सोय आहे.

मूळ फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन मात्र रंगीत करावा. फ्लॅटबेड स्कॅनरवर 1200 डीपीआय (एका इंचात 1200 ठिपके), प्रत्येक चॅनलाला 16 बिट आणि टिफ (तपशील न गमावणारे) स्वरूप निवडावे आणि स्कॅनरच्या सगळ्या स्वयंचलित सुधारणा बंद ठेवाव्यात. फोटो अडीच बाय साडेतीन इंचांचा असेल तर 3000 × 4200 पिक्सेलांची फाइल मिळते आणि तिच्यातून 10 × 14 इंचांची स्वच्छ प्रत निघू शकते. स्कॅन करण्यापूर्वी फोटो ओल्या फडक्याने पुसू नये. एकदा पुराच्या पाण्यात भिजलेला थर पुन्हा ओला होऊन फडक्याबरोबर निघून येण्याची भीती असते.

आता तिन्ही चॅनल एकेक करून कृष्णधवल स्वरूपात पाहावेत. पिवळा-तपकिरी रंग निळा प्रकाश अडवतो आणि लाल प्रकाश बराचसा जाऊ देतो. त्यामुळे निळ्या चॅनलात हा डाग शाईसारखा काळा दिसेल, हिरव्यात तो निम्म्याने उतरेल आणि लाल चॅनल उघडताच बहुधा आजीचा संपूर्ण चेहरा समोर येईल. चॅनल मिक्सरमध्ये (तिन्ही चॅनल किती प्रमाणात मिसळायचे ते ठरवणाऱ्या आदेशात) मोनोक्रोमची, म्हणजे कृष्णधवलची, खूण करून लाल 100, हिरवा 0 आणि निळा 0 असे आकडे दिले की आपले अर्ध्याहून अधिक काम झालेले असते.

पाणी जेथे सुकत थांबले त्या कडेची एक बारीक रेघ मात्र मागे राहते. तिच्यासाठी कर्व्हजचा (उजळपणा बदलणाऱ्या आलेखाचा) अ‍ॅडजस्टमेंट लेअर, म्हणजे मूळ चित्राला हात न लावता वर ठेवलेला स्तर, घ्यावा, आलेख थोडा वर उचलून तो उजळ करावा, त्याचा मास्क (लेअर कोठे दिसावा ते ठरवणारा पडदा) पूर्ण काळा करून तो झाकावा आणि मऊ कडांच्या पांढऱ्या ब्रशने, दहा टक्के ओपॅसिटीवर (गडदपणावर), केवळ त्या रेघेवरून सावकाश फिरावे. हीलिंग ब्रश (आसपासच्या पोताशी जुळवून ठिपका बुजवणारे साधन) शेवटी आणि तोही जेथे थर खरोखर उडाला आहे तेवढ्याच ठिपक्यांवर, वेगळ्या रिकाम्या लेअरवर वापरावा. डोळा, नाक, ओठ यांतले काही नष्ट झाले असेल तर ते कल्पनेने भरू नये. हल्लीची स्वयंचलित साधने क्षणात रेखीव चेहरा काढून देतात, पण तो चेहरा त्यांनी पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांतून बेतलेला असतो, आपल्या आजीचा नसतो. आणि डागासकटचा मूळ स्कॅन जपून ठेवावा, कारण त्या डागात आपल्या घराचा इतिहासही आहे.

प्रश्न: विसर्जन मिरवणुकीत अलका टॉकीज चौकात ढोल-ताशा पथकाचे फोटो काढले. गुलाल उठून दिसावा म्हणून सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवले, तर वादकांच्या कुर्त्यांवर नुसते गुलाबी डबके दिसते, चुण्यासुद्धा दिसत नाहीत. हिस्टोग्राम (कोणत्या उजळपणाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख) तर व्यवस्थित आहे.

उत्तर: आपण पाहिलात तो तिन्ही चॅनलांचा एकत्रित, सरासरी हिस्टोग्राम असावा. तिन्ही आलेख सुटे करून पाहिले तर लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला आढळेल. आपण पाठवलेल्या फोटोत एका बाहीवर मी आयड्रॉपर (रंगाचे आकडे वाचणारे साधन) ठेवला तेव्हा 0 ते 255 या पट्टीवर लाल, हिरवा, निळा यांचे आकडे आले 255, 74, 128. जवळच्याच चुणीच्या उजेडातल्या कडेवर आले 255, 96, 147. हिरवा आणि निळा बदलतात, परंतु लाल दोन्हीकडे कमाल मर्यादेवर अडकलेला आहे. चुणीचा उंचसखलपणा आपल्याला उजेडाच्या चढउतारातून कळतो आणि येथे लाल चॅनलातला तो चढउतारच संपला आहे. सॅच्युरेशन वाढवल्याने उरलासुरला तपशीलही गेला.

फोटो रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता नोंदलेला) असेल तर उपाय सोपा आहे. वाढवलेले सॅच्युरेशन परत मूळ पातळीवर आणावे, एक्स्पोजर थोडे उतरवावे आणि मग रंगनिहाय पट्टीत केवळ लाल व मॅजेंटा (किरमिजी) यांची ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, खाली घ्यावी. गुलाल उठून दिसतो तो त्याच्या भडकपणामुळे नव्हे, तर शेजारच्या पांढऱ्या कुर्त्यामुळे आणि ताशाच्या चकाकीमुळे. 14 बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक चॅनलाला 16384 पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये अवघ्या 256, म्हणून रॉमध्ये असा तपशील पुष्कळदा परत मिळतो.

फक्त जेपेग हाती असेल तर लाल चॅनलात गेलेले परत येणार नाही, मात्र हिरव्या चॅनलात चुण्या शाबूत आहेत हे वरच्या आकड्यांवरून दिसतेच. हिरवा चॅनल कॉपी करून नवा लेअर म्हणून वर ठेवावा, ब्लेंड मोड (खालच्या लेअरशी मिसळण्याची रीत) ल्युमिनॉसिटी करावा, म्हणजे त्याचा केवळ उजळपणा घेतला जाईल, ओपॅसिटी वीस ते तीस टक्के ठेवावी आणि मास्कने तो केवळ कुर्त्यांपुरता मर्यादित करावा. चेहऱ्यांवर तो जाऊ देऊ नये, नाही तर त्वचा काळवंडते. पुढल्या वर्षी मात्र रॉमध्येच चित्रण करावे आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिन्ही रंगांचे सुटे हिस्टोग्राम लावून ठेवावेत.

प्रश्न: बहिणीच्या हळदीच्या फोटोंत सगळेच पिवळे आले. पिवळेपणा कमी केला तर चेहरे राखेसारखे दिसतात. काय चुकते?

उत्तर: दोन वेगळे पिवळे रंग आपण एकच समजून काढत आहात. एक मांडवाच्या कापडातून आणि झेंडूच्या माळांवरून परावर्तित झालेल्या उजेडाचा पिवळा, जो कमी करायचा आहे. दुसरा खुद्द हळदीचा, आणि तो राहिलाच पाहिजे, कारण फोटो त्याचाच आहे. संपूर्ण चित्राचे रंग-तापमान (पिवळे-निळेपणाची पट्टी) निळ्याकडे ढकलले की दोन्ही एकदम जातात.

त्यासाठी हळद न लागलेली त्वचा शोधावी: कानामागचा भाग, दंडाची आतली बाजू किंवा शेजारी बसलेल्या मावशींचा हात. तिच्यावरून व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची भरपाई) ठरवावा आणि आकडे तपासत राहावे. निरोगी त्वचेत लाल सर्वांत जास्त, हिरवा मधला आणि निळा सर्वांत कमी असा क्रम असतो. निळा हिरव्याच्या पुढे गेला की चेहरा राखेसारखा होणारच. वडिलांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आयड्रॉपर लावण्याचा मोह टाळावा. धुण्याच्या पावडरीतली चकाकी देणारी रसायने उन्हात निळसर झाक देतात, त्यामुळे सदरा डोळ्यांना पांढरा दिसला तरी कॅमेऱ्याला तो तटस्थ दिसेलच असे नाही.

एका बाजूने दिवसाचा सुमारे 5500 केल्विनचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने सुमारे 3200 केल्विनचा हॅलोजन असेल (केल्विनचा आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा), तर एकच व्हाइट बॅलन्स दोहोंना पुरत नाही; तेथे मास्क घालून दोन भाग वेगवेगळे दुरुस्त करावेत.

प्रश्न: मी विद्यार्थी आहे. महिन्याला वर्गणी भरून सॉफ्टवेअर घेणे गरजेचे आहे का?

उत्तर: नाही. रॉ फाइलींसाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी आणि लेअर व मास्कच्या कामासाठी गिंप ही मोफत साधने शिकण्यासाठी पूर्णपणे सक्षम आहेत. वर लिहिलेली चॅनलांची कामे गिंपमध्येही होतात, फक्त काही आदेशांची नावे आणि जागा वेगळ्या आहेत. पैसे हाती असतील तर ते आधी बरा मॉनिटर घेण्यात घालावेत.

प्रश्न: सिंहगडावरच्या पावसाळी फोटोची 12 × 18 इंचांची प्रत काढून घेतली. पडद्यावर धुके सुंदर दिसते, कागदावर सगळे अंधारले. दोष प्रिंटरचा की माझा?

उत्तर: बहुधा आपल्या पडद्याच्या उजेडाचा. लॅपटॉपचा ब्राइटनेस कमाल पातळीवर ठेवून काम केले की गडद फोटोही उजळ भासतो आणि आपण तो हवा तेवढा उजळ करतच नाही. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद खोलीतला प्रकाश परत करतो. पडद्याशेजारी कोरा कागद धरावा, पडद्यावर पांढरे पान उघडावे आणि दोन्ही साधारण सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवावा. त्यानंतर तोच फोटो पुन्हा उघडल्यास तो आपल्यालाही अंधारलेला दिसेल. धुक्याच्या फोटोत डीहेझ (धूसरपणा कमी करणारी पट्टी) फार लावले असल्यास तेही मागे घ्यावे, कारण त्याने छाया आणखी दाट होतात.

या आकाराच्या प्रतीला 300 पीपीआयने (एका इंचात 300 पिक्सेल) 3600 × 5400, म्हणजे सुमारे 1 कोटी 94 लाख पिक्सेल लागतात. भिंतीवर लावून दुरून पाहायची असेल तर 200 पीपीआयने 2400 × 3600 देखील पुरतात. शार्पनिंग (कडा ठसठशीत करणे) प्रतीचा आकार ठरवून झाल्यावर, सर्वांत शेवटी करावे आणि धुक्याला त्यातून वगळावे, नाही तर त्यात रवाळपणा उमटतो. प्रयोगशाळेने वेगळे काही मागितले नसेल तर फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगमानकात द्यावी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती आकुंचन पावत नाही. मोठी प्रत काढण्याआधी त्याच फोटोच्या, त्याच जातीच्या कागदावर, 4 × 6 इंचांच्या तीन प्रती काढून घ्याव्यात: एक आहे तशी, दुसरी थोडी उजळ आणि तिसरी त्याहून उजळ. जेथे फोटो लावायचा आहे त्याच भिंतीवर त्या संध्याकाळच्या दिव्यात ठेवून पाहाव्यात आणि त्यांतील जी योग्य वाटेल तिचीच फाइल 12 × 18 साठी द्यावी.