‘त्या सिरीजने पोरीचं डोकं बिघडलंय’

‘मॅडम, ते बघणं तेवढं बंद करायला सांगा.’ बारावीच्या मुलांचे आईवडील हल्ली हे सारखं म्हणतात, म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका मायलेकीची हकिकत सांगते. ओळख बदलली आहे.

दोघी सोनगीरच्या. मुलगी क्लाससाठी रोज धुळ्याला येते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ‘ब्लॅक मिरर’ बघते. तंत्रज्ञानाच्या नादात माणसांचं काय होऊ शकतं हे दाखवणारी ही सिरीज, प्रत्येक भागात वेगळी गोष्ट. आई म्हणाली, ‘आंडेर (मुलगी) रातभर तेच देखस, मंग दिनभर बोलत नही.’ मुलगी खाली बघून म्हणाली, ‘सगळं असंच होणार आहे. अभ्यास करून काय करू?’

मी बंदी घातली नाही. मनात आलेला विचार म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, हे शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि पडद्यावरच्या गोष्टीलाही मी तोच नियम लावते. असा प्रत्येक भाग एक दावा मांडतो आणि तो पटावा म्हणून सोयीचं उदाहरण निवडतो. उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे.

तिला सांगितलं, आठवड्यात एकच भाग, तोही संध्याकाळी. एकामागून एक पाच बघितले की दावे मिसळतात आणि उरते ती नुसती भीती. बघून झाल्यावर वहीत एकच वाक्य लिहायचं: ‘जर अमक्याने अमकं केलं, तर अमकं होईल.’ वाक्यात माणूस हवाच. पहिल्या आठवड्यात तिने लिहून आणलं, ‘तंत्रज्ञान वाईट आहे.’ बहुतेक जण इथेच अडकतात. यंत्राला दोष दिला की विचार करायला काही उरतच नाही. असं यंत्र खरंच निघेल का, यावर वाद घालणं ही दुसरी चूक.

पुढच्या वेळी तिने ‘आर्केंजल’ हा भाग निवडला, 2017 चा, जोडी फॉस्टरने दिग्दर्शित केलेला. लहानगी खेळता खेळता हरवते, सापडते. घाबरलेली आई तिच्या डोक्यात चिप बसवून घेते. मुलगी कुठे आहे, काय बघतेय, सगळं आईच्या टॅबवर. घाबरवणारं दृश्य धूसर करायचीही सोय. मी म्हटलं, ‘आई टॅब कधी कधी उघडते ते मोज. आणि प्रत्येक वेळी, उघडण्याआधी तिला काय वाटत होतं ते लिही.’

वही उघडून ती वाचू लागली. शेजारी आई बसलेली.

‘भीती वाटली, उघडला. फोन लागला नाही, उघडला.’ मग थांबली. ‘मॅडम, चिप काढता येत नाही, पण टॅब फेकता येतो, असं त्या भागातच आईला सांगतात. ती तो माळ्यावर टाकते आणि पुन्हा काढते.’

‘मग दावा काय?’

बराच वेळ ती पेनचं टोपण उघडझाप करत राहिली. ‘भीती वाटली की विचारायचं सोडून बघायला लागलं, तर मुलगी हातची जाते.’

आईने पर्समधला मोबाईल काढून टेबलावर ठेवला. मुलीचं लोकेशन दाखवणारं अॅप त्यात होतं, हे मला तेव्हा कळलं. मुलीला ते आधीपासून माहीत होतं. तिचा अबोला सिरीजमुळे नव्हताच. ही गाठ तिने स्वतः सोडवली, आणि माझ्या पद्धतीवरचा माझा विश्वास अशाच क्षणांनी टिकला आहे.

त्यानंतर मी एकच प्रश्न जोडला, आणि पालकांनीही तो घरी जरूर विचारावा: लेखकाने कोणता दरवाजा मुद्दाम बंद ठेवला? ‘आर्केंजल’मध्ये मायलेकी त्या टॅबबद्दल वेळेवर मोकळेपणाने बोलतच नाहीत. बोलल्या असत्या तर गोष्ट अर्ध्यातच संपली असती. बंद दरवाजा दिसला की ‘सगळं असंच होणार’ हे वाक्य आपोआप लंगडं पडतं. तरीही झोप, जेवण दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं किंवा मरणाची भाषा आली, तर वही बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

चौथ्या भेटीत दोघींनी ठरवलं. धुळे बसस्थानकावर सोनगीरवरून जाणारी शिरपूर गाडी मिळाली की मुलगी मेसेज करणार. गाडी अर्धा तास लांबली तर आई फोन करणार. फोनही लागला नाही, तरच अॅप.