वाचकांचे प्रश्न : जुना सीडी प्लेयर खाली काढलाय, आता जोडायचा कसा?

या महिन्यात सीडी प्लेयरबद्दल एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की हा अख्खा भाग त्यालाच द्यायचं ठरवलं. कुणी माळ्यावरून वडिलांचा प्लेयर खाली काढलाय, कुणाला मुलाने परदेशातून आणून दिलाय, कुणी जुन्या बाजारातून उचललाय, आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी तोच प्रश्न, भंगारात देऊ का? नका देऊ. सीडी प्लेयर खरंच कायमचा गेला असं कमी वेळा होतं, बरेचदा वायर चुकीच्या जागी असते, नाहीतर खालचा एखादा स्क्रू, नाहीतर लेन्सवरची धूळ, आणि यातलं बरंचसं तुम्हाला घरीच बघता येतं.

प्रश्न : बाबांचा जुना सीडी प्लेयर आणि अँप्लिफायर जोडला. आवाज येतो पण एकदम घोगरा, बास नुसता घुमतो, आणि व्हॉल्यूम जरासा फिरवला तरी शेजारचे दार वाजवतील एवढा मोठा. प्लेयर गेलाय का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : प्लेयर ठणठणीत असणार दादा, अँप्लिफायरच्या मागे टॉर्च मारून बघा, तुमची वायर बहुतेक "फोनो" लिहिलंय तिथे लागलीये. ती जागा फक्त रेकॉर्ड प्लेयरसाठी असते. रेकॉर्डच्या सुईकडून येणारा सिग्नल अगदी बारीक, साधारण ५ मिलिव्होल्टचा, म्हणून फोनोच्या मागे एक वेगळं सर्किट असतं जे त्याला भरपूर वाढवतं आणि शिवाय बास चढवून ट्रेबल उतरवतं, कारण रेकॉर्ड कापतानाच बास कमी आणि ट्रेबल जास्त ठेवलेला असतो आणि वाजवताना तो हिशोब परत जुळवावा लागतो. सीडी प्लेयर मात्र सरळ २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतो, म्हणजे जवळजवळ ४०० पट मोठा. तो फोनोमध्ये घातला की तुम्ही म्हणताय तस्संच होणार, घुमणं, फाटणं, सगळं. आणि असंच मोठ्या आवाजात वाजवत राहिलात तर स्पीकर जाईल, म्हणून आधी बंद करा.

आता जोडायचं कसं ते नीट सांगतो. दोन्ही मशीन बंद, व्हॉल्यूम शून्यावर. प्लेयरच्या मागे "लाइन आउट" किंवा "ऑडिओ आउट" लिहिलेल्या दोन पिना असतात, लाल म्हणजे उजवा, पांढरा किंवा काळा म्हणजे डावा. वायरचं एक टोक त्यांना लावा, दुसरं टोक अँप्लिफायरच्या "सीडी" इनपुटला. सीडीची जागा नसेल किंवा तिथला संपर्क गंजला असेल तर "ऑक्स" किंवा "ट्यूनर" बिनधास्त वापरा, आतून सगळं सारखंच असतं, फक्त समोरचं सिलेक्टरचं बटण त्याच नावावर फिरवायचं. "टेप इन" पण चालतं, मात्र त्याच्या शेजारचं "टेप आउट" किंवा "रेक" नको, ती जागा सिग्नल बाहेर काढायची आहे, तिथे लावलं तर काहीच ऐकू येणार नाही आणि मग परत वाटेल प्लेयर गेला. पिन घालताना हलकासा पीळ देत आत ढकला, जुन्या पिनांवर काळपट थर बसलेला असतो, दोन-चार वेळा आतबाहेर केलं की तो घासला जातो आणि एका बाजूने आवाज न येण्याची तक्रार बरेचदा तिथेच संपते.

आणखी एक, प्लेयरच्या मागे "डिजिटल आउट" म्हणून एकच पिन असेल तर ती या साध्या इनपुटला लावू नका, त्यातून गाणं नाही, आकडे बाहेर येतात, अँप्लिफायरला ते कळत नाहीत आणि नुसती खरखर येऊ शकते. महागड्या वायरींबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय, माझं मत स्पष्ट आहे, एक-दीड मीटरच्या अंतराला चांगल्या जोडणीची साधी वायर पुरते, वाचलेले पैसे सीडीवर किंवा स्पीकरवर घाला.

प्रश्न : घर बदललं. जुन्या घरात छान चालणारा प्लेयर नव्या घरात "नो डिस्क" दाखवतो. ट्रे आत जातो, किर्र किर्र आवाज होतो आणि थांबतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी सीडी बाहेर काढून प्लेयर बंद करा आणि हळूच उलटा करून तळ बघा. ऐंशीच्या दशकातल्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या बऱ्याच मॉडेलना खाली एक-दोन ट्रान्सपोर्ट स्क्रू असतात, वाहतुकीत आतली लेसरची जोडणी हलू नये म्हणून. सामान बांधताना कुणीतरी काळजीने ते आवळले असतील आणि नव्या घरात सोडायचे राहून गेले असतील. ते काढा किंवा सैल करा, आणि काढलेत तर एका छोट्या पिशवीत घालून प्लेयरच्या मागेच चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी घर बदलताना लागतील. स्क्रू नसलेच, तर मग बघा प्लेयर सपाट जागेवर आहे का, आणि सीडी छापील बाजू वर ठेवून नीट मधल्या खळग्यात बसतेय का. तरीही नाही म्हणाला तर धूळ, त्याचं पुढच्या उत्तरात आहे.

ठेवायच्या जागेबद्दल एवढंच, अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका, तो तापतो. आणि शोकेसमध्ये काच लावून कोंडू नका, वर चार बोटं जागा सोडा.

प्रश्न : आमच्याकडे पावसात दरवर्षी हाच ताप. सकाळी प्लेयर लावला की सीडी वाचतच नाही, दुपारी आपोआप चालू होतो. काही सीडी मात्र कधीच नीट चालत नाहीत, शेवटची दोन गाणी अडखळतात. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळे आजार आहेत, एकेक घेऊ.

सकाळी न चालणं आणि दुपारी चालणं हे दवाचं काम वाटतंय. प्लेयर रात्रभर एसीच्या खोलीत असतो का? एसीत थंड झालेली लेन्स, सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली की बाहेरची दमट गरम हवा आत येते आणि थंड लेन्सवर बारीक पाणी धरतं. लेसरला त्यातून दिसत नाही. अशा वेळी काही पुसायचं नाही, आतली सीडी काढायची, प्लेयर चालू करून तासभर तसाच सोडायचा, आतल्या उष्णतेने ओल उडून जाते. शक्य असेल तर प्लेयर एसी नसलेल्या खोलीत ठेवा. आणि पावसाळ्यात प्लेयर महिनाभर बंद पडून राहू देऊ नका, दोन-चार दिवसांनी तासभर वाजवला की आत कोरडं राहतं, ट्रेही मोकळा राहतो.

आता शेवटची गाणी. हे समजून घ्यायला सीडी वाजते कशी ते बघावं लागेल. रेकॉर्डची सुई बाहेरून आत जाते, सीडीचं उलटं, लेसर मधल्या भोकाजवळ सुरू करतो आणि कडेकडे सरकत जातो. आतल्या बाजूला डिस्क मिनिटाला साधारण ५०० फेरे घेते, कडेला येईपर्यंत ते २०० वर येतात, म्हणजे लेसरखालून सरकणारा वेग कायम सारखा राहतो. कडेला बोटांचे ठसे जास्त लागतात, डिस्क जराशी वाकलेली असेल तर तिचं वरखाली होणंही कडेलाच जास्त, आणि लेसर सरकतो त्या दांड्यावरचं ग्रीस वाळलं असेल तर तोही शेवटाकडे अडतो. म्हणून आधी हे ठरवा की दोष डिस्कचा की प्लेयरचा. एकाच सीडीवर ठरलेल्या जागी अडखळलं तर डिस्क बघा, सगळ्याच सीडी शेवटाकडे अडखळल्या तर प्लेयर.

डिस्कचं असेल तर मऊ सुती कापड, जुनी धुतलेली मलमल सगळ्यात छान, आणि पुसायचं मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल कधीच नाही. कारण प्लेयरमध्ये चुका भरून काढायची सोय असते, साधारण अडीच मिलीमीटरपर्यंतची सलग खोट तो स्वतः दुरुस्त करतो, आडवा ओरखडा तो पटकन ओलांडून जातो, पण गोल पुसताना पडलेला ओरखडा गाण्याच्या रेषेबरोबरच धावतो आणि तिथे तो हरतो. चिकट डाग असेल तर कोमट पाणी आणि एक थेंब भांड्यांचा लिक्विड साबण, मग स्वच्छ पाण्याने धुऊन टिपून घ्या. आणि छापील बाजूला जपा, फार जपा, कारण गाणं खरं तर त्या बाजूला असतं. खालचं प्लास्टिक सव्वा मिलीमीटरच्या आसपास जाड असतं, वर मात्र चमकणाऱ्या थरावर लॅकरचा नुसता पापुद्रा. वर खोल ओरखडा पडला की थरच गेला, त्याला औषध नाही.

प्लेयरचं असेल तर बाजारात ब्रश लावलेली लेन्स क्लीनर सीडी मिळते, ती एकदा चालवून बघा, सारखी सारखी नको. त्यानेही भागलं नाही तर झाकण उघडून लेन्स पुसणं हे माहितगाराकडूनच करून घ्या. लेन्स फार नाजूकपणे तोललेली असते, जरा जोर लागला की संपलं, आणि उघड्या चालू प्लेयरमध्ये वाकून बघणं तर अजिबात नको, सीडीचा लेसर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही म्हणून तो बंद आहे असं वाटतं.

प्रश्न : निवृत्तीनंतर गाणं शिकतेय. गुरुजींनी रागसंगीताच्या सीडी ऐकायला दिल्यात. एकच जागा परत परत ऐकायची असते, सारखं मागे नेताना हात दुखतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : काकू, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, सीडी प्लेयरचा असा उपयोग फार थोडे लोक करतात. तुमच्या रिमोटवर "ए-बी" किंवा "रिपीट ए-बी" असं बटण आहे का बघा, बऱ्याच प्लेयरला असतं आणि लोकांना माहीतच नसतं. हवी ती तान सुरू होताना एकदा दाबा, समेवर आली की दुसऱ्यांदा दाबा, आता तेवढाच तुकडा तुम्ही थांबवेपर्यंत फिरत राहील. सुरुवात एक-दोन मात्रा आधीच धरा, कारण परत सुरू होताना श्वास घ्यायला आणि लय पकडायला जागा लागते. तंबोरा चालू ठेवून त्याच्याबरोबर म्हणून बघा.

ए-बी नसेल तर समोरच्या डिस्प्लेवरची मिनिटं-सेकंद वहीत लिहून ठेवा. "टाइम" किंवा "डिस्प्ले"चं बटण दाबलं की गाण्याची झालेली वेळ, उरलेली वेळ, मग पूर्ण सीडीची उरलेली वेळ असं बदलत जातं. बडा ख्याल एकाच ट्रॅकवर अर्धा-पाऊण तास असतो तेव्हा हे आकडेच तुमचा आधार. आणि दोन गाण्यांमध्ये पुढेमागे जायचं बटण नुसतं दाबलं तर ट्रॅक बदलतो, बऱ्याच प्लेयरमध्ये तेच दाबून धरलं तर त्याच ट्रॅकमध्ये भराभर सरकतं, काहींना त्यासाठी वेगळी बटणं असतात. "प्रोग्राम"ने हव्या त्या ट्रॅकचा क्रम लावता येतो पण ट्रे उघडला की तो बहुतेक वेळा पुसला जातो. शफल मात्र तुम्ही बंदच ठेवा, आलापानंतर थेट तिसऱ्या रागाचा तराणा ऐकून काय करायचंय.

एक गोष्ट मला मनापासून वाटते ती इथे लिहितोच. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मावायची, त्यामुळे राग मध्येच उलटावा लागायचा. सीडीवर ७४ मिनिटं, नंतर ८० पर्यंत, सलग. विलंबितापासून द्रुतापर्यंतची बढत एका बैठकीत ऐकायला मिळते, शिकणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे. तेव्हा तुकडे घोटून झाले की एकदा अख्खी सीडी मध्ये हात न लावता ऐकत जा.

प्रश्न : मुलाने न्यू जर्सीहून येताना सीडी प्लेयर आणलाय. प्लग बदलणारा अडॅप्टर लावला तर चालेल ना? इथल्या सीडी त्यात चालतील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काका, अजून लावला नसेल तर लावू नका! अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०, थेट लावला तर आतला ट्रान्सफॉर्मर किंवा फ्यूज जाईल. मागची पट्टी वाचा, १२० आणि २३० असे दोन्ही आकडे आणि मध्ये सरकवायचा स्विच असेल तर तो २३० वर न्या, फक्त १२० लिहिलं असेल तर व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. सीडी प्लेयर फारशी वीज खात नाही, १०० व्हीएचा (हे ट्रान्सफॉर्मरच्या ताकदीचं माप) छोटासुद्धा भरपूर झाला, दुकानदार मोठा गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. जपानहून आणलेल्यांसाठी, तिथे १०० व्होल्ट असतात, तेवढाच मागा. तिकडे ६० हर्ट्झ इकडे ५० याची काळजी नको, सीडीचा वेग आतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकावर ठरतो, विजेवर नाही. आणि सीडी कुठल्याही देशाची कुठेही चालते, रीजनची भानगड, म्हणजे एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेयरवर न चालणं, डीव्हीडीला असते, ऑडिओ सीडीला नाही.

प्रश्न : घरी अँप्लिफायर नाही, टीव्हीचा साउंडबार आहे. त्याला सीडी प्लेयर जोडता येईल का? टीव्हीच्या मागच्या ऑप्टिकलला लावला पण आवाज नाही. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : टीव्हीवरची ऑप्टिकलची जागा सिग्नल बाहेर द्यायची असते, आत घ्यायची नाही, म्हणून आवाज नाही. वायर प्लेयरच्या "ऑप्टिकल आउट"मधून थेट साउंडबारच्या "ऑप्टिकल इन"ला न्या आणि साउंडबारच्या रिमोटवर तो इनपुट निवडा. लावण्याआधी दोन्ही टोकांची आणि मशीनच्या भोकातली छोटी प्लास्टिकची टोपणं काढा, ती पारदर्शक किंवा काळी असतात आणि पटकन दिसत नाहीत. प्लेयर चालू असताना वायरच्या मोकळ्या टोकाला लाल उजेड दिसला म्हणजे प्लेयरचं काम बरोबर चाललंय. प्लेयरला ऑप्टिकल नसेल पण साउंडबारला हेडफोनसारखी "ऑक्स"ची जागा असेल, तर एका टोकाला लाल-पांढऱ्या पिना आणि दुसऱ्या टोकाला ती छोटी पिन अशी वायर घ्या. दोन्ही नसेल तर साउंडबारचा नाद सोडून आत अँप्लिफायर असलेले दोन छोटे स्पीकर बघा, गाण्यासाठी मला तेच जास्त आवडतात.

प्रश्न : लग्नात वाजवलेल्या गाण्यांच्या, घरी कॉप्या केलेल्या सीडी जुन्या प्लेयरमध्ये चालत नाहीत, कॉम्प्युटरवर चालतात. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : डिस्कवर काय लिहिलंय ते वाचा. आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणारी) असेल तर ती विकतच्या सीडीपेक्षा खूपच कमी प्रकाश परत फेकते, जुन्या प्लेयरला ती दिसतच नाही. साधी आर (एकदाच लिहिता येणारी) असेल तर दोन शक्यता, एक म्हणजे आत एमपीथ्री फायली आहेत, ज्या जुना प्लेयर ओळखत नाही, किंवा कॉपी करताना शेवटचं फायनलाइज, म्हणजे लिहिणं संपल्यावर डिस्क बंद करणं, राहिलंय. दोन्हीला उपाय एकच, फायली कॉम्प्युटरवर घ्या, नवीन कोऱ्या सीडी-आर वर "ऑडिओ सीडी" हा पर्याय निवडून कमी वेगात लिहा आणि फायनलाइज करा. एका सीडीवर ८० मिनिटांच्या वर मावणार नाही, म्हणजे तुमच्या एमपीथ्रीच्या एका डिस्कच्या सात-आठ सीडी होतील. आणि हे लवकर करा, घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उन्हाने आणि गरमीने उडत जातो, सोलापूरचा उन्हाळा तिला सोसत नाही, तोवर त्या कपाटात अंधारात उभ्या ठेवा.